धार गेलेला ब्रिज

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारींची तक्रार बहुधा एकच असते: ट्यूनिंग राहत नाही. आणणाऱ्याने निदानही आधीच करून ठेवलेलं असतं. ‘काका, ब्रिज गेलाय, नवा टाकू या.’ कित्येकदा नवा ब्रिज मागवूनही झालेला असतो आणि त्याचा खोका गिटारीच्या आधी माझ्या टेबलावर येतो. मी तो बाजूला सरकवतो. ब्रिज झिजतो, यात शंका नाही. पण तो सगळाच्या सगळा झिजत नाही. झिजते ती एक केसाएवढी रेषा. ती रेषा भिंगाखाली घालून बघितल्याशिवाय ब्रिज बदलणारा कारागीर मला तपासल्यावाचून औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरइतकाच खटकतो.

ज्यांनी ही गिटार कधी हातात घेतली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या गिटारीत तारांचं एक टोक खुंट्यांना गुंडाळलेलं असतं, दुसरं ब्रिजला अडकवलेलं असतं, आणि ब्रिज जागचा हलत नाही. ट्रेमोलो ब्रिज मात्र हलावा म्हणूनच केलेला असतो. त्याला एक वाकडी दांडी असते. वाजवणारी मंडळी तिला व्हॅमी बार म्हणतात. ती दाबली की सगळा ब्रिज पुढे झुकतो, सहाही तारा एकदम सैल पडतात आणि सूर खाली घसरतो. सोडली की ब्रिज परत जागेवर येतो. यायला हवा. त्या ‘यायला हवा’वरच माझं घर चालतं.

आज जगात सगळ्यात जास्त दिसणारा ट्रेमोलो ब्रिज ज्या माणसाने आणला त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. त्याची स्ट्रॅटोकास्टर गिटार, म्हणजे वादकांची ‘स्ट्रॅट’, १९५४ साली बाजारात आली. ब्रिजच्या पेटंटसाठी त्याने त्याच वर्षी अर्ज केला आणि १९५६ मध्ये ते मिळालं. त्याआधी त्याने वेगळाच एक ब्रिज करून पाहिला होता. त्यात तारा रुळांवरून जात आणि मागे वेगळ्या भागात अडकत. त्यात नाद टिकत नव्हता, म्हणून अवजारांवर खर्च झालेला असूनही त्याने तो मोडीत काढला. मग तारा अडकवायची जागा, तारा टेकायची जागा आणि झुलणारा भाग हे सगळं त्याने एकाच तुकड्यात आणलं. दुसऱ्याच्या हातात वाद्य देऊन, तो काय म्हणतो ते ऐकत, काम करणारा माणूस होता तो. बिल कार्सन नावाचा वादक त्याच्याकडे सारख्या नव्या मागण्या घेऊन येई, आणि कारखान्यात फ्रेडी टाव्हारेस हा मूळचा हवाई बेटांवरचा स्टील गिटारवादक आराखड्याला बसलेला असे. वाजवता न येणाऱ्याने वाजवणाऱ्यांचं इतकं नीट ऐकावं, हे मला त्या पेटंटपेक्षाही मोठं वाटतं.

रचना वरवर साधी आहे. वर एक पोलादी पट्टी. तिच्या पुढच्या कडेला सहा भोकं, त्यांतून सहा स्क्रू लाकडात गेलेले. पट्टीच्या खाली एक जड ठोकळा, म्हणजे ब्लॉक. तो गिटारीच्या पोटातून आरपार मागच्या पोकळीत उतरतो. तारा मागून ब्लॉकमध्ये ओवतात, त्या वर येऊन सहा सॅडलांवरून वळतात आणि मानेकडे जातात. ब्लॉकच्या खालच्या टोकाला तीन ते पाच स्प्रिंगा. त्यांचं दुसरं टोक एका नखीच्या आकाराच्या पत्र्याला अडकवलेलं असतं आणि तो पत्रा दोन लांब स्क्रूंनी लाकडात रोवलेला असतो. त्याला आम्ही क्लॉ म्हणतो.

आता हिशेब बघा. दहा ते सेहेचाळीस गेजचा संच नेहमीच्या सुरात लावला की सहा तारांची एकूण ओढ साधारण ४७ किलो भरते. ही ओढ ब्रिजच्या वरच्या अंगाला, मानेच्या दिशेने. खाली स्प्रिंगा ब्लॉकला ओढतात, त्याही मानेच्याच दिशेने. दोन्ही ओढी एकमेकींना फिरवण्यापुरत्या तोलून धरतात, म्हणून ब्रिज मधे स्थिर राहतो. पण ज्या कडेवर तो टेकलेला असतो तिच्यावर या दोन ओढींची बेरीज येते. वजाबाकी नाही, बेरीज. हे नव्या मुलांना समजावताना मला वेळ लागतो, कारण सगळ्यांना वाटतं की स्प्रिंगांनी तारांचा भार हलका केला. पन्नास किलोंहून जास्त भार त्या कडेवर दिवसरात्र असतो, गिटार पेटीत बंद असली तरी. सोनाराच्या जुन्या तराजूचा काटा जसा पोलादी धारेवर तोललेला असतो तसाच हा ब्रिज. फरक इतकाच, की सोनाराच्या काट्यावर अर्धा क्विंटल ठेवून कोणी वर हिसके देत नाही.

धार स्वच्छ असेल तर ब्रिज दर वेळी त्याच रेषेवर परत येतो. ती बोथट झाली, तिला खाच पडली किंवा तिच्यापुढच्या स्क्रूला चर पडला की परत येण्याच्या जागा दोन होतात. दांडी दाबून सोडली की एका जागी, वर ओढून सोडली की दुसऱ्या. दोहोंतलं अंतर डोळ्यांना दिसत नाही, कानाला मात्र लगेच कळतं.

म्हणून माझी पहिली तपासणी कानाने होते. गिटार सुरात लावायची, दांडी पूर्ण दाबायची, सोडायची, आणि एकेक तार ट्यूनरवर बघायची. मग दांडी वर ओढून तेच. सहाही तारा एकाच बाजूला सरकल्या असतील तर दोष टेकूच्या जागी, नाहीतर स्प्रिंगा किंवा क्लॉच्या स्क्रूंमध्ये. एकच तार बिघडली असेल, आणि ती बहुतेक वेळा तिसरी, म्हणजे G, असते, तर ब्रिज निर्दोष आहे. दोषी आहे मानेच्या टोकाचा नट. दांडी दाबल्यावर तार सैल होते, खुंटीकडचा तुकडा तिला नटच्या खाचेतून थोडी आपल्याकडे ओढून घेतो, आणि खाच अरुंद असेल तर परतताना ती तिथेच अडकते. म्हणून दाबून सोडल्यावर ती तार चढी लागते. खाचेत मापाची कानस दोनदा फिरवायची आणि शिसपेन्सिलीचं टोक घासायचं, एवढंच काम. नव्या ब्रिजचा खोका घेऊन आलेल्या पोराला मी त्याच्या ब्रिजला हात न लावता परत पाठवतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. पैसे वाचल्याचा आनंद कमी, नवी वस्तू बसली नाही याचं दुःख जास्त.

पण कधी कधी ब्रिज खरंच झिजलेला असतो.

सहा स्क्रूंच्या जुन्या पद्धतीच्या ब्रिजमध्ये पट्टीची भोकं खालून तिरपी कापलेली असतात, म्हणजे प्रत्येक भोकाची वरची कड धारदार असते आणि ती स्क्रूच्या गळ्याला टेकते. हा ब्रिज मरतो तो बहुधा अज्ञानाने. कोणीतरी सहाही स्क्रू गच्च आवळलेले असतात. मग पट्टीला झुकायला जागाच राहत नाही. प्रत्येक वेळी दांडी दाबली की ती स्क्रूंच्या डोक्यांशी झगडते, कडा चेपतात, स्क्रूंना चर पडतात, आणि पुढचं लाकूड चिरतं. हे सहा स्क्रू ब्रिज पकडून ठेवायला नसतात, त्याला दिशा द्यायला असतात. मी तर बाहेरचे दोन कामाला ठेवतो आणि मधले चार किंचित वर घेतो. मूळ आराखड्यात भार सहांवर वाटलेला आहे हे मला माहीत आहे. पण सहा भोकं आणि सहा स्क्रू अचूक एका रेषेत असलेली गिटार क्वचितच हाती येते.

सहा स्क्रूंऐवजी दोन खांबांवर झुलणाऱ्या ब्रिजमध्ये सगळा भार दोनच जागी येतो. फेंडर कंपनीने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन स्टँडर्ड मालिकेत ही पद्धत घेतली. त्याच्या बऱ्याच आधी, १९७०च्या दशकात, फ्लॉइड रोझ या वादकाने ती टोकाला नेली होती. त्याला दागिने घडवायच्या कामाचा अनुभव होता आणि त्याच अवजारांनी त्याने नटवरच तारा आवळून टाकणारं पितळी कुलूप केलं. पेटंट १९७९ चं. दोन्ही टोकांना तारा कुलूपबंद झाल्यावर नटचा दोष संपला. आता सगळी जबाबदारी दोन धारांवर आली. अस्सल फ्लॉइड रोझच्या धारा कडक केलेल्या पोलादाच्या असतात आणि नीट वापरल्या तर वर्षानुवर्षं टिकतात. त्याच्या स्वस्त नकलांची पट्टी जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली असते. ती दिसायला हुबेहूब, पण धार मऊ. तारा पूर्ण ताणलेल्या असताना खांबांची उंची किल्लीने फिरवली की खांबाची कड त्या धारेवर खरडत जाते. एका अ‍ॅक्शनच्या, म्हणजे तारांच्या उंचीच्या, हट्टापायी धार कायमची गेलेले कितीतरी ब्रिज माझ्या डब्यात आहेत. आधी तारा सैल करा, मग उंची बदला. हे वाक्य मी दुकानाच्या दारावर रंगवून घेणार होतो, बायकोने नको म्हटलं.

जस्त हा या सगळ्या गोष्टीतला खलनायक आहे, आणि त्याला आणलं ते मोठ्या कंपन्यांनीच. खुद्द फेंडरने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पोलादी ब्लॉक सोडून साच्यात ओतलेला ब्लॉक वापरायला सुरुवात केली. मशीनवर पोलाद कापत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. जस्ताला झिलई छान चढते, पण त्यातले आटे लवकर जातात, तारेच्या टोकाचा गोळा त्यात हळूहळू रुतत जातो, आणि एकदा आतून फुटायला लागलं की त्याला कसलीही दुरुस्ती लागू पडत नाही. म्हणून माझा नियम ठरलेला आहे. पोलाद असेल तर वाचवायचं, जस्त असेल तर बदलायचं. लोहचुंबक लावून बघितलं की क्षणात कळतं. क्रोम दोघांवरही सारखंच चमकतं.

आता गंज. माझं दुकान वसईत. एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी, आणि चार महिने पाऊस. इथल्या चर्चमधल्या गायनवृंदांच्या, लग्नातल्या बँडच्या गिटारी माझ्याकडे येतात, तशा गोव्याहूनही येतात. खारी हवा वरून आणि घाम आतून. उजव्या हाताची कड ज्या सॅडलांवर टेकते तिथले उंचीचे बारके स्क्रू सगळ्यात आधी जातात. अ‍ॅलन किल्लीची षटकोनी जागा गंजाने भरते, कोणीतरी चुकीची किल्ली घालून ती गोल करतं, आणि मग तो स्क्रू वर होत नाही, खाली होत नाही. इथे एक बारीक गोष्ट फार नडते. अमेरिकी गिटारीच्या या स्क्रूंना इंचाच्या विसाव्या भागाची किल्ली लागते, म्हणजे १.२७ मिलिमीटर. जपानी आणि कोरियन बनावटीला बहुधा दीड मिलिमीटरची. मेट्रिक संचातली १.३ ची किल्ली अमेरिकी स्क्रूत जाते असं वाटतं, कधी कधी जातेही, आणि तिथेच घात होतो.

असा ब्रिज आला की तो पूर्ण सुटा करायचा. प्रत्येक सॅडल, त्याचे दोन उंचीचे स्क्रू, मागचा लांब स्क्रू आणि त्याची स्प्रिंग, हे सगळं सहा वेगवेगळ्या वाट्यांत, कारण झिजलेल्या सॅडलची जागा बदलली तर त्यातली खाच दुसऱ्या जाडीच्या तारेशी जुळत नाही. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवायचं. सकाळीही हलला नाही तर सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्याला लावून तो तापवायचा. तापून तो फुगतो, गार होताना आकसतो आणि गंजाची पकड सुटते. मग रॉकेलमध्ये पितळी ब्रशने घासायचं. पोलादी ब्रश क्रोम आणि निकेलचा थर ओरबाडतो. क्रोमवरचे बारके तांबूस डाग पाण्यात बुडवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलने निघतात, हे घरीही करता येईल. व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा असा सल्ला सगळीकडे मिळतो. साध्या पोलादाला तो चालतो. जस्ताचा ब्लॉक मात्र व्हिनेगरमध्ये ठेवू नका. आम्ल गंजाच्या आधी जस्तच खायला लागतं.

दांडीचं प्रकरण वेगळं लिहावं असं आहे. दांडी ब्लॉकमध्ये पिळून बसवतात, तिचा आट्यांचा भाग नाजूक असतो, आणि जोरात वाजवणाऱ्याच्या हाताने ती नेमकी आट्यांच्या वरच्या कडेला मोडते. तुकडा ब्लॉकमध्ये खोल अडकतो. तो काढायला उलट्या दिशेने कापणारा ड्रिल बिट लागतो. तो कापता कापताच मोडका तुकडा फिरून वर येतो, नशीब असेल तर. मोडते त्याहून जास्त दांडी सैल होते, आणि त्यामागे बहुतेक वेळा आट्यांची गफलत असते. अमेरिकी दांडीच्या आट्याचा व्यास ४.८ मिलिमीटरच्या आसपास आणि इंचात बत्तीस आटे, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर ०.७९४ मिलिमीटर. आशियातल्या पुष्कळ ब्रिजमध्ये असलेला पाच मिलिमीटरचा मेट्रिक आटा ०.८ अंतराचा. फरक इतका कमी, की एकाची दांडी दुसऱ्यात शिरते. अमेरिकी दांडी मेट्रिक भोकात डुगडुगते. मेट्रिक दांडी अमेरिकी भोकात घातली तर दोनचार वळसे छान जाते, मग अडते, आणि जोर लावणारा जोर लावतो. दुकानात सुटी दांडी घेताना ‘स्ट्रॅटची द्या’ म्हणू नका. ब्लॉक कुठल्या देशातला आहे ते सांगा.

राहिली धार. ती परत लावायचं काम मी शिकलो तेव्हा माझ्यासमोर गिटार नव्हती. मिरजेला एका कारखान्यात सतारीच्या ब्रिजची जवारी काढताना बघत बसलो होतो. तिथेही प्रश्न तोच आहे: तार घासून घासून पृष्ठभागाला चर पाडते, स्वर बसका होतो, आणि कारागीर कानसेने तो पृष्ठभाग पुन्हा घडवतो. मिरजेची ही कला एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून सुरू झाली असं मानतात, आणि ते घराणं मुळात शिकलगारांचं, हत्यारांना धार लावणाऱ्यांचं. तलवारी गेल्यावर ती माणसं तंबोऱ्याकडे वळली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारी काढणारा सुरात कान लावून एकदा कानस फिरवतो, थांबतो, तार छेडतो, मग पुन्हा फिरवतो. किती काढायचं यापेक्षा कुठे थांबायचं हे त्याला पक्कं ठाऊक असतं. माझ्या कामात मला हे सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

कारण धार लावताना हात सुटला तर ब्रिज गेलाच. कडक पोलादाच्या धारेवर साधी कानस चालत नाही, हिऱ्याची बारीक पट्टी लागते, तीही मोजके हात. दोन्ही धारा एका सरळ रेषेत राहिल्या पाहिजेत. एकीचं जास्त गेलं तर ब्रिज तिरका झुलायला लागतो. धार वस्तऱ्यासारखी पातळ करायची नसते. तशी केली तर पहिल्याच आठवड्यात दुमडते. वरचा कडक थर निघून आतलं मऊ पोलाद उघडं पडलं असेल तर हे सगळं तात्पुरतं आहे, आणि तसं मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. खांब मात्र सरळ नवे घालावेत. ते स्वस्त असतात. अगदीच मिळाले नाहीत तर जुने खांब थोडे फिरवावेत. चर पडलेला भाग बाजूला जातो आणि धारेसमोर कोरी बाजू येते.

आता ती वेळ, जेव्हा खरोखरच नवा ब्रिज घालायचा असतो. एका ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षं वाजवणाऱ्या दादांची गिटार परवा अशीच आली. ऐंशीच्या दशकातली, जपानी बनावटीची, बोटीवर नोकरीला असलेल्या भावाने आणलेली. ब्लॉक जस्ताचा, दांडीचे आटे पूर्ण गेलेले, पट्टीची दोन भोकं लंबगोल झालेली. वाचवण्यासारखं काही नव्हतं. दादांनी आधीच एक ब्रिज मागवला होता, चांगल्या कंपनीचा, आणि तो बसत नव्हता. का, ते वर्निअरने दोन मिनिटांत कळलं. पहिल्या आणि सहाव्या स्क्रूमधलं अंतर त्यांच्या गिटारीवर ५४ मिलिमीटर होतं. जुन्या अमेरिकी मापात ते ५६ च्या जवळ असतं, नव्या पुष्कळ ब्रिजमध्ये साडेबावन्न. आलेला ब्रिज साडेबावन्नचा. दीड मिलिमीटरचा फरक, पण सहापैकी बाहेरचे स्क्रू भोकात जाणारच नाहीत. कोणी म्हणेल भोकं मोठी करा. म्हणजे ज्या कडेसाठी नवा ब्रिज आणला तीच आपल्या हाताने कापा.

ब्रिज मागवण्याआधी हे अंतर मोजा, दोन सॅडलांतलं अंतर मोजा आणि बॉडीची जाडी मोजा. स्ट्रॅटची नेहमीची जाडी पावणेदोन इंच. पण स्वस्त मॉडेलांपैकी काहींची बॉडी पातळ असते, आणि पूर्ण लांबीचा पोलादी ब्लॉक तिच्या पाठीतून बाहेर डोकावतो. फ्लॉइड रोझ घालायचा असेल तर दोन खांबांतलं अंतर ७४ मिलिमीटरच्या आसपास येतं, म्हणजे स्ट्रॅटच्या कुठल्याच भोकाशी त्याचा संबंध नाही; लाकूड कोरावं लागतं. आणि लाकूड कोरण्याबद्दल माझं मत कडवट आहे. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरला १९८०च्या दशकात काहलर कंपनीचा ट्रेमोलो बसवायला बॉडी कोरली होती. पुढे तो काढून, खड्डा लाकडाने भरून, परत मूळ पद्धतीचाच ब्रिज घालावा लागला. ती गिटार २०१९ साली क्रिस्टीजच्या लिलावात जवळपास ४० लाख डॉलरला गेली, ही गोष्ट वेगळी. तुमच्या-माझ्या गिटारीत खड्डा भरून कोणी किंमत वाढवून देत नाही.

दादांसाठी ५४ चा जपानी ब्रिज मागवला, पोलादी ब्लॉकचा. तो येईपर्यंत लाकडाकडे वळलो. पाहिलं तर जुन्या स्क्रूंची भोकं पोकळ झाली होती, आणि आधीच्या कोणी कारागिराने त्यांत काड्यापेटीच्या काड्या खुपसून वर सुपरग्लू ओतला होता. सगळं ड्रिल करून काढलं. इथे तयार मिळणारा गोल डॉवेल सरसकट वापरतात. त्याच्या रेषा लांबीच्या दिशेने असतात, म्हणून स्क्रू रेषांना समांतर शिरतो आणि पकड कच्ची राहते. रेषा आडव्या येतील असा लाकडाचा गट्टू कापून घातला तर स्क्रू खरा धरतो. मी मोडक्या मानांमधलं मेपल यासाठी जपून ठेवतो. सागवान वापरू नये. त्याच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही. एक दिवस गोंद वाळू दिला, नवी भोकं पाडली, स्क्रूंना मेण लावून हळूहळू बसवलं.

ब्लॉक बदलल्याने आवाज बदलतो का, यावर दादांशी तासभर वाद झाला. माझं मत: बदलतो, पण लोक पैसे मोजतात तेवढा नाही. ढिला टेकू आणि पोकळ भोकं दुरुस्त केल्याने नाद जितका खुलतो, त्याच्या वर पोलादाचा हिस्सा थोडाच. गंमत म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच दिवशी होतात, आणि श्रेय नेहमी नव्या चकचकीत ब्लॉकला मिळतं.

मग तोल. तारा लावायच्या, स्प्रिंगा तीन, क्लॉचे स्क्रू थोडे थोडे आवळत जायचं. पुस्तकी माप असं, की ब्रिजची मागची कड बॉडीपासून ३.२ मिलिमीटर वर तरंगावी, म्हणजे दांडी दोन्ही बाजूंना फिरते. एक तार सुरात आणली की बाकीच्या पाच उतरतात, त्या आणल्या की पहिली उतरते. चारपाच फेऱ्या धीराने कराव्या लागतात. शेवटी बाराव्या फ्रेटवर प्रत्येक तारेचा सूर तपासून सॅडल पुढेमागे करायचं. हे सगळं करून, दांडी दोन्हीकडे फिरवून, परत परत शून्यावर येणारी गिटार मी दादांच्या हाती दिली. त्यांनी वाजवली, मान हलवली, आणि म्हणाले, ‘छान झालीय. पण हा ब्रिज खाली टेकवून दे.’

मी बघतच राहिलो. ते म्हणाले, ‘अरे, तीन तासांचा शो असतो माझा. तरंगत्या ब्रिजवर एक तार तुटली की उरलेल्या पाच चढतात, गाणं मधे थांबवता येत नाही. दांडी मी एकाच गाण्यात वापरतो, आणि तीही फक्त खाली.’

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. एरिक क्लॅप्टनने तर आपल्या ‘ब्लॅकी’ स्ट्रॅटचा ट्रेमोलो पाच स्प्रिंगा लावून आणि ब्लॉकपाशी लाकडाचा तुकडा ठोकून पार बंदच करून टाकला होता. दादांना तेवढंही नको होतं. मी मागचं झाकण उघडलं, दोन स्प्रिंगा वाढवल्या, क्लॉ आत घेतला, आणि ब्रिज लाकडावर टेकेपर्यंत आवळत गेलो. तारा परत सुरात लावल्या, दांडी दाबून सोडली. सहाही तारा जागच्या जागी. ‘किती झाले?’ दादांनी विचारलं, आणि मी जुना ब्रिज, त्याचे सहाही सॅडल, लंबगोल भोकांची पट्टी, सगळं एका पिशवीत भरून त्यांच्यासमोर ठेवलं. उद्या गिटार विकायची झाली तर घेणारा पहिल्यांदा हीच पिशवी मागेल. बिल त्यावर चिकटवलं होतं.